बॅगा सांभाळायला कोण बसणार?

(मुरुड, जि. लातूर येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो, आयाबायांनो, आणि मागं दाराजवळ उभ्या असलेल्या शिक्षक बंधूंनो,

आजचा विषय कळल्यावर आपल्यातल्याच एकीनं मला विचारलं, "बाई, दारूबंदी झाली, रेशन झालं, आता काय सहल?" हो, सहल. आठवीच्या वर्गाची सहल. आपल्या मुरुडातल्या एका शाळेनं यंदा ठरवलंय की मुलांना खोपोलीजवळच्या मोठ्या मनोरंजन पार्कात न्यायचं. फळ्यावर लिहून झालं, मुलांनी नावं दिली. वर्गात मुली मुलांच्या बरोबरीनं आहेत. यादीत मात्र त्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्यासुद्धा नाहीत. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "मुलींना हौसच नाही." त्या एका वाक्यावर बोलायला मी उभी आहे.

कारण मी मुलींना विचारलं. एकटीएकटीला नाही, सगळ्यांना एकत्र बसवून. हौस नाही म्हणणारी एकही निघाली नाही. एक म्हणाली, "उलटं फिरणारी गाडी असती म्हणं, मला तिच्यात बसायचंय." एवढं बोलली आणि ओढणीत तोंड लपवलं. हौस आहे. मग घोडं अडलं कुठं?

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत पंचवीस वर्षं शिकवलं. दरवर्षी सहलीला मी जायचेच, कारण मुलींसोबत एक बाई पाहिजे असते आणि शाळेत बाई मी एकटी. तेव्हा पोरांना एकच वेड होतं, एस्सेल वर्ल्ड. १९८९ साली मुंबईला गोराईजवळ ते सुरू झालं आणि टीव्हीवरच्या जाहिरातीनं आमच्या खेड्यातल्या लेकरांनाही झपाटून टाकलं. ज्यांनी समुद्र पाहिला नव्हता, आगगाडी पाहिली नव्हती, ती पोरं एस्सेल वर्ल्डचं नाव घ्यायची. ते पार्क २०२२ साली बंद पडलं. मध्यंतरी २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका निघालं, तिकडं हैदराबादला आणखी निघाली. नांदेडच्या शाळा हैदराबादकडं बघतात, आपण खोपोलीकडं.

शाळा पार्काकडं का वळल्या याला आणखी एक कारण आहे, आणि त्यात गावाचं नाव आपलंच आहे. मुरुड म्हटलं की बाहेरच्या माणसाला आपलं मुरुड आठवत नाही, रायगडातलं जंजिऱ्याचं आठवतं. त्या मुरुडच्या समुद्रात १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले चौदा विद्यार्थी बुडाले. त्यात मुली जास्त होत्या. त्यानंतर शिक्षण खात्यानं सहलींसाठी अटींची लांबलचक यादी काढली. समुद्र नको, नदी नको, तलाव नको, विहीर नको, उंच डोंगर नको, पालकांची लेखी संमती घ्या, मुलींसोबत शिक्षिका ठेवा. अटी लेकरांच्या जिवासाठीच होत्या, त्यांना माझा विरोध नाही. पण माझ्या पाहण्यात असं आलं की मुख्याध्यापकांनी त्यातून सोपी वाट काढली. काहींनी सहलच बंद केली. काहींनी म्हटलं, चला, जिथं भिंत आहे, फाटक आहे, शिट्टी वाजवणारा माणूस आहे तिथं नेऊ. म्हणजे पार्क. जबाबदारी फाटकावरच्या माणसावर टाकता येते ना!

आणि आपला जिल्हा पडला लातूर पॅटर्नचा. इथं आठवीपासून पोरांच्या मागं मार्कांचा ससेमिरा. तीन दिवस सहलीत घालवायचे म्हणजे शिकवणी बुडते असं म्हणणारे पालक आपल्यातही आहेत. गंमत बघा, मुलाची शिकवणी बुडते म्हणून घरात वाद होतो. मुलगी जायची म्हटलं की वाद शिकवणीचा होतच नाही, थेट अब्रूचा होतो.

आता हिशेब मांडू. मुरुडहून खोपोली म्हणजे पुण्याच्याही पलीकडं. संध्याकाळी निघायचं, रात्रभर गाडीत, दिवसभर पार्कात, पुन्हा रात्रभर गाडीत. दोन रात्री. हे ठरवणाऱ्यांनी फक्त एवढं बघितलं की मुक्कामाचा खर्च वाचतो. पण दोन रात्री म्हटल्याबरोबर निम्म्या मुलींची नावं आपोआप गळाली. कुणी त्यांना "येऊ नका" म्हणालं नाही. तारखा ठरल्या, वेळ ठरली, आणि मुली वगळल्या गेल्या. सहलीत भेदभाव असाच होतो, तोंडानं कुणी काही बोलत नाही.

पैशाचंही तसंच. एका घरात भाऊ सातवीत, बहीण आठवीत. दोघांची वर्गणी झेपत नाही. कोण जाणार? तुम्हाला उत्तर माहीत आहे, मी कशाला सांगू. वर्गणीशिवायचा खर्च तर फळ्यावर लिहिलेलाच नसतो. नवा ड्रेस, बूट, डब्याचं, वरखर्चाचं. पाण्याच्या पार्कात सुती कपडे चालत नाहीत. सुताचे धागे पाणी गाळायच्या यंत्रात अडकतात असं कारण देतात. मग तिथला नायलॉनचा पोशाख भाड्यानं घ्यायचा. त्याचं भाडं वेगळं, सामान ठेवायच्या कपाटाचं वेगळं. मुख्याध्यापकांना हे सगळं आधी एका कागदावर लिहून मागा. एसटीनं गेलं तर शाळेच्या सहलीला भाड्यात निम्मी सवलत मिळते, तरी खाजगी गाडी का ठरते हेही विचारा.

आणखी एक घर डोळ्यासमोर आणा. उसाच्या टोळीवर गेलेलं. सहलीचा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा, आणि ऊसतोडीचा हंगामही तोच. आईबाप उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, पोरगी त्यांच्यासोबत कोपीवर धाकटं लेकरू सांभाळते. किंवा गावात आजीजवळ, किंवा हंगामी वसतिगृहात. संमतिपत्रावर सही आणा म्हणतात. कुणाची? "वडिलांची." अहो, वडील दोनशे मैलांवर उसाच्या फडात आहेत! विधवा बाईच्या पोरीनं, टाकून दिलेल्या बाईच्या पोरीनं वडिलांची सही कुठून आणावी? आपल्या जिल्ह्यात कर्जापायी बापानं जीव दिलेली किती घरं आहेत. शासनानं आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावायचं ठरवलं आहे. नावात आई चालते, मग सहलीच्या कागदावर का चालू नये? संमतिपत्रावर "आई, वडील किंवा सांभाळणारे" असं छापायला एक ओळ पुरते.

आता जे बोलायचं आहे ते बैठकीत सहसा बोलत नाहीत, म्हणून मी जरा सविस्तर बोलणार आहे. बंधूंनीही ऐकावं.

चाळीस मुली गाडीतून उतरल्या. रस्त्यावरच्या ढाब्यावर बायकांचे संडास दोन. एकीला तीन मिनिटं धरा. चाळीस त्रिक एकशे वीस, भागिले दोन, साठ मिनिटं. सहलीच्या कागदावर थांबा लिहिलाय पंधरा मिनिटांचा. मुलं पाच मिनिटांत रस्त्याच्या कडेला उरकून गाडीत बसतात आणि ओरडतात, "मुलींमुळं उशीर!" म्हणून मुली पाणीच पीत नाहीत. मी बघितलंय, निघायच्या आदल्या दुपारपासून पाणी तोडणाऱ्या पोरी असतात. मग गाडीत ओकारी, चक्कर, डोकेदुखी. त्यावर गुरुजी म्हणतात, मुली नाजूक. नाजूक नाहीत हो, तहानलेल्या आहेत.

पाळीचं तर विचारूच नका. सहलीची तारीख लागली की आई कॅलेंडर बघते. त्या दिवसात येणार असेल तर दोन वाटा, नाव काढून घ्यायचं किंवा दुकानातून गोळ्या आणायच्या. सणावाराला, पूजेला आपण स्वतः ज्या गोळ्या घेतो त्याच तेरा वर्षांच्या पोरीला. या गोळ्या हार्मोनच्या असतात, डॉक्टरला विचारल्याशिवाय पोरीला देऊ नका. शिवाय गोळ्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते, म्हणजे नेमकी परतीच्या गाडीत यायची. त्यापेक्षा गाडीत पॅड ठेवा, जुनी वर्तमानपत्रं ठेवा, एक जादा सलवार ठेवा. बाईंकडं पिशवी आहे हे मुलींना निघायच्या आधी सांगा, कानात नाही, वर्गात. आणि पार्कात ज्यांना पाण्यात उतरायचं नाही त्यांच्यासाठी कोरडे पाळणे असतात. त्या मुलींबरोबर एक शिक्षिका द्या, म्हणजे त्यांचाही दिवस पाळण्यांत जाईल.

नाहीतर काय होतं? त्या मुली बॅगांजवळ बसतात. मी जितक्या सहली केल्या त्या प्रत्येक सहलीत बॅगांच्या ढिगाजवळ दोन-तीन मुली बसलेल्या पाहिल्या. मुलगा कधी पाहिला नाही. कुणी त्यांना बसवलेलं नसतं. एकीची पाळी असते, एकीकडं पोशाखाचे पैसे नसतात, एकीला घरून ताकीद असते की ओली झालीस तर बघ. मग मास्तर म्हणतात, "बसलाच आहात तर बॅगा बघा." तिकीट पूर्ण काढलेलं. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत बॅगा.

ओलं होण्याची ताकीद फुकट नाही, हेही कबूल केलं पाहिजे. वर्गातल्या मुलांच्या हातात मोबाईल असतात. भिजलेल्या मुलीचा फोटो संध्याकाळी गावात फिरला तर त्या पोरीची शाळा सुटते, फोटो काढणाऱ्याची सुटत नाही. तेव्हा पोरीला कोरडी ठेवायच्या ऐवजी पोरांचे मोबाईल शिक्षकांनी गाडीत गोळा करावेत. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानं शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमायला सांगितली आहे. तुमच्या शाळेत ती आहे का? भिंतीवर नावं आहेत का? असेल तर सहलीचा आराखडा तिच्यासमोर ठेवायला लावा.

एक शब्द शिक्षिकांबद्दल. मुलींसोबत बाई पाहिजे म्हणून तिला नेतात. तिचं तान्हं लेकरू घरी, नवरा तोंड फुगवून. ती रात्रभर जागी राहून मुलींवर पहारा देते आणि सकाळी हजेरी घेते. तिच्यासोबत कुणी सहकारी वाह्यात वागला तर ती म्हणते, "शाळेत थोडंच झालं, गाडीत झालं." २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यात कामानिमित्त जिथं जावं लागतं ती जागा, आणि मालकानं दिलेली गाडीसुद्धा, कामाची जागाच धरली आहे. सहलीची बस ही तिची कामाची जागा आहे. तक्रार चालते. आणि एका बाईवर चाळीस मुली टाकू नका, दोन-तीन आयांनी सोबत जावं.

काही मैत्रिणींचं म्हणणं वेगळं आहे, तेही सांगते. त्या म्हणतात, कशाला हवंय हे पैशाचं खूळ? तेरचं संग्रहालय जवळ आहे, खरोशाची लेणी आहेत, औशाचा किल्ला आहे. पोरींना इतिहास दाखवा. मी तेर, खरोसा दोन्ही पोरींना दाखवलंय आणि पुन्हा दाखवीन. पण एक विचारते, मुलगा गाडीत बसून ओरडला तर ती मौज, आणि मुलीची सहल मात्र ज्ञानासाठीच असली पाहिजे, हे कुणी ठरवलं? आपल्या बीड-परभणीकडं बघा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्या शंभरात चाळीसहून जास्त निघाल्या. आपण काही फार लांब नाही. आठवीतल्या या पोरींतल्या कितीजणींना नववीनंतर मोकळेपणी ओरडायला मिळणार आहे? पंचमीला लिंबाच्या झाडाला झोका बांधून आपण उंच जायचो, ते कोणत्या ज्ञानासाठी? महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसायला आपणही हट्ट केलाच होता. वर गेल्यावर पोटात गोळा येतो आणि गाव खाली लहान दिसतं. ते सुख पोरीलाही मिळालं पाहिजे, बिनकारण मिळालं पाहिजे.

आणि शिकवायचंच असेल तर पाळण्यासारखी शाळा नाही. पंचमीचा झोका आणि पार्कातलं ते डुलणारं जहाज एकाच जातीचं. झोक्यावर जाड पोरगी बसो की बारीक, एका हेलकाव्याला लागणारा वेळ दोरीच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. घड्याळ घेऊन पोरींना मोजू द्या. रुळावरची गाडी आधी साखळीनं सगळ्यात उंच टेकाडावर ओढतात, पुढं बहुधा तिला इंजिन नसतं. उंचीवर साठलेली ऊर्जाच तिला पळवते, म्हणून पुढची टेकाडं पहिल्यापेक्षा बुटकी. आठवीच्या मुलीला हे पुस्तकात चार वेळा वाचून जेवढं कळेल तेवढं एकदा पोटात गोळा आला की कळतं.

पाण्याचंही शिकवा. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. या आठवीतल्या मुली तेव्हा अंगणवाडीत असतील, पण घागरींच्या रांगेतल्या त्यांच्या आया इथं बसल्या आहेत. त्या आईची मुलगी लाटांच्या हौदासमोर उभी राहणार. तिनं तिथल्या माणसाला विचारावं, हे पाणी कुठून येतं, किती दिवस तेच फिरवता, कसं गाळता? पाण्यात खेळावं आणि हेही विचारावं.

जिवाच्या गोष्टी मात्र हसण्यावारी नेऊ नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी मुंबईतल्या महापालिकेच्या शाळेचा आठवीतला मुलगा खोपोलीच्या पार्कातच सहलीत अचानक प्रकृती बिघडून दगावला. म्हणून शाळेनं आधी विचारावं, कुणाला दम आहे, फिट येते, हृदयाचं काही आहे का. जवळचा दवाखाना कोणता, पार्कात डॉक्टर असतो का, हे फोन करून लिहून घ्यावं. हरियाणात पिंजोरच्या बागेत २०१८ साली छोट्या मोटारीच्या चाकात केस अडकून एका तरुण बाईचा जीव गेला. तेव्हा मुलींच्या वेण्या घट्ट बांधून वर खोचलेल्या, ओढणी काढून ठेवलेली. "ओढणी काढायची नाही" असं घरून सांगून पाठवू नका, पाळण्यात ओढणी म्हणजे फास. आणि पाळण्यापाशी उंचीची पट्टी असते. आपल्या काही पोरी आठवीत असूनही त्या पट्टीखाली भरतील, पोटभर खायला नसलेल्या पोरी आहेत त्या. कुठल्या पाळण्याला किती उंची लागते हे आधी विचारून घ्या, म्हणजे फाटकात सगळ्यांदेखत कुणाला बाजूला काढायची वेळ येणार नाही.

मग जायचं की नाही? माझं मत, जायचं. पण खोपोलीला दोन रात्री घालून नाही. पहाटे निघून दिवेलागणीला परत येता येईल असं जवळचं ठिकाण शोधावं. पार्क लहान असेल, उलटी फिरणारी गाडी नसेल, पण वर्गातल्या सगळ्या मुली येतील. आणि खोपोलीच हवं असेल तर एका मुक्कामाची सोय, दोन-तीन आया सोबत, आणि वर्गणी तीन हप्त्यांत. ठिकाण ठरवायच्या आधी मुलींना विचारायचं, ज्यांची नावं यादीत नाहीत त्यांना आधी.

हे आपण करू शकतो का? करू शकतो. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत चारात तीन सदस्य पालक आणि निम्म्या बायका असल्या पाहिजेत असं सांगितलंय. आपल्यातल्या पाचसहाजणी त्या समितीवर आहेत. काहींना ते ठाऊकही नाही, कारण वही घरी येते, सही होते, वही जाते. येत्या शनिवारी समितीची बैठक आहे आणि सहलीचा विषय त्यात आहे. त्या दिवशी वही घरी येण्याची वाट बघू नका. खर्चाचा कागद, थांब्यांची यादी आणि नाव न दिलेल्या मुलींची यादी, हे तिन्ही मागायचं आहे. साडेदहाला मी शाळेच्या फाटकापाशी थांबते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनीही या, लिहायला मी आहे.